थेंब दिसला की पुन्हा

चारुशीला कुहीची. आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं काचसामान धुवाले लागून तिले चार वर्षं झाली, मले सोळा. हे पहिलेच सांगून ठेवते, कारण लोक विसरतात.

तिची धुण्याची रीत निराळी. साबण, मग नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, अन् शेवटी फ्लास्क खिडकीतल्या उजेडात धरायचा. पाणी काचेवरून सलग उतरलं तं पास. कुठं एक थेंब चिकटून बसला, तं तिथं तेलकट आहे, पुन्हा धू. एका फ्लास्कवर बाई अर्धा तास घालवायची. वरून तोंडाची टकळी चालू, अन् डब्यात रोज कच्चा कांदा. मी म्हणायची, "काहून वं, याच्यात का दूध तापवाचं आहे?"

मग केमिस्ट्री शिकवणाऱ्या चिन्मयी मॅडमचं नवीन यंत्र सुरू झालं. यंत्र म्हणजे डोळ्याले दिसणारं काही नाही, तोच घोळ. फ्लास्कातल्या पाण्यात करोडो रेणू, तेच यंत्र. एकेक रेणू एका लांब धाग्यावरून सरकते अन् मॅडमनं ठरवून दिलेल्या क्रमानं तुकडे जोडत जाते. हार ओवतो तसं, दोन पिवळे, एक केशरी. क्रम बदलला की माल बदलला. त्याच्यातून पाणी गाळाचा नवीन पडदा बनवाचा होता. बोटाचं तेल लागलं तरी ते बिघडते. हे सगळं मॅडमनं चारुशीलाले समोर बसवून समजावलं. मी बाजूच्या सिंकवर होती. मले कोणी समजावलं नाही, मी ऐकलं.

वरून मॅडम म्हणाल्या, "या कामाचे फ्लास्क फक्त चारुशीला धुणार." त्या फ्लास्कच्या कपाटाची चावीही तिच्याच कमरेले. माझ्या पोटात दुखलं, हाव, सरळ सांगते. सोळा वर्षांत मले कोणी साधी खिळ्याची डबी विश्वासानं दिली नव्हती.

एका संध्याकाळी ती कुहीची बस पकडाले निघून गेली. स्टँडवर तिचे पाच फ्लास्क उलटे वाळत होते. माझ्या डोक्याले खोबरेल तेल असतेच. बोट केसांतून फिरवलं, अन् एका फ्लास्कात आतून फिरवलं. एवढंच केलं.

सकाळी तिनं पाणी टाकून पाहिलं, थेंब बसला. तिनं पुन्हा धुतला. दुसऱ्या संध्याकाळी मी दुसऱ्या फ्लास्कात बोट फिरवलं. तिसऱ्याही संध्याकाळी.

चौथ्या सकाळी ती फ्लास्क घेऊन माझ्यापाशी आली. हात साबणानं फाटले होते.

"ताई, पाहा ना. खरंच थेंब आहे, का मलेच भास होऊन राहिला?"

मी फ्लास्क उजेडात धरला. म्हटलं, "आहे वं."

ती तशीच मॅडमकडे गेली. "माझ्या हातून साफ होऊन नाही राहिलं," म्हणे. "तुमचं काम बिघडन. मेघाताईले द्या." अन् चावी माझ्या हातात आली.

मी धुतलं तिच्याच रीतीनं, थेंब पाहून पाहून. महिन्याभरानं पडदा झाला, नखाएवढा. मॅडमनं मले पुढं बोलावलं, फोटो काढला. पण माझं ध्यान फोटोत नव्हतं. मले चारुशीलाचं तोंड पाहाचं होतं.

ती दारात बीकरचा ट्रे घेऊन उभी होती. "बरं झालं ताई, वेळेवर तुमच्याकडे दिलं," म्हणे. "माझ्या हातानं वाटोळं झालं असतं." मी निरखून पाहिलं. जळण्याचं नाव नव्हतं तिच्या तोंडावर. चावी माझ्यापाशी, फोटो माझा, अन् हेवाही मीच करून राहिली तिचा.

आता ती साधा बीकर धुतला तरी खिडकीशी जात नाही. माझ्याकडे आणते. "ताई, पाहून द्या जी, मले नाही समजत."

मी पाहते अन् साफ आहे म्हणते.