ओवीची वाटी आणि माझी जळजळ

“हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ आहे, अकरा तरी हवं,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “आयर्न डेफिशियन्सी अ‍ॅनिमिया.” म्हणजे शरीराला लोह पुरत नाही, म्हणून रक्त तयार होत नाही. ओवी तेव्हा दहा महिन्यांची होती.

लक्षणं आधीपासून होती. ओठ फिके, खेळता खेळता मान टाकायची आणि भिंतीचा चुना चाटायची. मी म्हणायचे, दात येत असतील.

“सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही. वरचं काय काय देता?” मॅडमनी विचारलं. मी नाचणीची खीर, केळं, वरणाचं पाणी अशी यादी सांगितली. देत होते हे खरंच. ओवी थुंकत होती, हे मात्र सांगितलं नाही.

आमचं एकत्र कुटुंब, मखमलाबादला भाजीचा मळा. धाकटी जाऊ शीतल वणीकडची. तिचा रुद्र ओवीपेक्षा दोन महिन्यांनी लहान, पण समोर येईल ते खायचा. भाकरीचा तुकडा चोखत बसायचा. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, “काय गुणाचं लेकरू!” मला ते टोचायचं. मी शिकलेली, नऊ वर्षं वाट पाहून मूल झालेलं, प्रत्येक गोष्ट वाचून करणारी. आणि हिला काही न वाचता जमतं?

त्याच आठवड्यात ओवीला जुलाब झाले आणि तिला दोन दिवस अ‍ॅडमिट केलं. दुसऱ्या दुपारी मी खाली औषधं आणायला गेले. परत आले तर डबा घेऊन आलेल्या शीतलच्या मांडीवर ओवी बसलेली, तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत. मसूरडाळीचा मऊ भात होता, मीठ न घातलेला. वर जिरं-लसणाची फोडणी आणि लिंबाचे दोन थेंब.

“ताई, अख्खी वाटी संपवली बघा!” शीतल हरखून म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मात्र छातीत आग पेटली. “माझ्या मुलीचं मी बघते. तू तुझ्या पोराचं बघ,” मी म्हणाले. तिनं वाटी विसळली आणि पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर तिनं ओवीला हात लावला नाही. मी रोज खिचडी मिक्सरमधून काढून, गाळून द्यायचे. ओवीला एकदा ठसका लागला होता, तेव्हापासून मला गुठळीचीही भीती वाटायची. ओवी तोंड घट्ट मिटायची. मॅडमनी लिहून दिलेले लोहाचे थेंब दिले की ओकायची.

महिन्याभरानं पुन्हा तपासणी झाली. सात. “एवढंच? नीट खाते ना? थेंब पोटात जातात?” मॅडमनी विचारलं.

“हो, सगळं खाते. थेंबही घेते,” मी म्हणाले.

माझ्या त्या एका वाक्यानं पुढचं सगळं घडलं. मॅडम काळजीत पडल्या. खाऊन आणि औषध घेऊनही रक्त वाढत नसेल, तर दुसरं कारण शोधायला हवं. त्यांनी थॅलॅसेमियाची तपासणी लिहून दिली. हा रक्ताचा जन्मजात आजार. लॅबमधल्या ताईंनी ओवीचा हात धरला. शीर सापडेना. दुसऱ्या हातात सुई टोचली, तिथेही सापडेना. ओवी रडून रडून निळी पडली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“थांबा,” मी म्हणाले. तिला उचलून तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. “मॅडम, मी खोटं बोलले. ही खात नाही. थेंब ओकून टाकते. जावेच्या हातचं खाते, पण मी भरवू देत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर ही सुई टोचावीच लागली नसती. आता तपासणी थांबवू. घास कुणाच्या हातचा आहे ते रक्ताला कळत नाही. जावेला सांगा, भरव म्हणून.”

घरी आले तेव्हा शीतल कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. “शीतल, ओवीला भरवशील?”

तिनं वर बघितलं. “ताई, मी रोजच तिच्यासाठी काढून ठेवते. तुम्ही नको म्हणाल म्हणून इचारत नाय.”

मी तिथेच मातीत बसून रडले.

मग तिनं मला शिकवलं. “तुम्ही लय बघता तिच्या तोंडाकडं. आधी स्वतः जेवा, तिला बघू द्या.” गाळणी बंद झाली. पालक, मसूर, अंड्याचा बलक, बोटांनी कुस्करलेली बाजरीची भाकरी. एक नवी चव दोन-तीन दिवस, मग दुसरी. थुंकली तर चार दिवसांनी पुन्हा तीच. लोहाचे थेंब दुधाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर.

ज्या आया हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगते: डॉक्टरांपासून ताटातलं काही लपवू नका. जळजळ मलाही होती. अजूनही होते. ओवी शीतलला बघून हात पसरते तेव्हा आत काहीतरी चरचरतं. पण त्यापायी पोरीला उपाशी ठेवायचं नसतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. दहा पॉइंट चार. शीतल माझ्याबरोबर होती. मॅडमनी हसून विचारलं, “आता कोण भरवतं?”

“ताईच,” शीतल पटकन म्हणाली.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “रात्रीचं माझ्या हातचं खाते. सकाळचं अजून हिच्याच हातचं लागतं.”