बबनरावांनी कापलेला कडता

नेरच्या कापूस बाजारात बबनरावांनी एकतीस वर्षं मापाऱ्याचं काम केलं. काट्यावरचा आकडा पाहायचा, बारदाना आणि ओल यांचा कडता मनातल्या मनात वजा करायचा आणि उरलेलं वजन खणखणीत आवाजात पुकारायचं. ते काम सुटलं आणि त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. बायको विमलताई तर भाजीत मीठ कसं झालं, हेसुद्धा विचारत नसत.

विचारलं ते सून प्रियंकानं. ती घरी बसून शेअर बाजारात ऑप्शनचे छोटे सौदे करी. एकदा तिनं सासऱ्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं.

"मामाजी, बाजार पडंल म्हणून भेलेले लोक पुट घेतात, चढंल म्हणणारे कॉल. पुटच्या आकड्याले कॉलच्या आकड्यानं भागलं का पुट-कॉल रेशो निघते. एकाच्या वर गेला, तर भेणारे जास्त."

"अन् लयच वर गेला तर?"

"तर भेणारे भेऊन झाले, असं मी समजतो. आता बाजार पलटू शकते. शकते म्हणतो मी, पलटतेच असं नाई."

तेव्हापासून रोज सकाळी प्रियंका चहा टाकता टाकता विचारी, "मामाजी, किती?" बबनराव आकडा वाचत, ती येऊन एक नजर टाकी. त्या एका प्रश्नासाठी ते आठ वाजताच अंघोळ उरकून तयार असत.

एकदा ती माहेरी, बोरी अरबला गेली होती. तिच्याकडं एक पुट होतं, बाजार पडत असल्यानं नफ्यात. रेशो एक पॉइंट तीसच्या वर गेला की ते विकायचं, असा तिचा नेम. मोबाइलवरून सौदा होई, पण रेशोचं पान घरच्या कॉम्प्युटरवर. तिनं फोन लावला.

"जय भीम, मामाजी. किती झाला?"

"एक पॉइंट अठ्ठावीस!" बबनरावांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं पुकारलं.

तिनं विकलं नाही. दुपारी बाजार उसळला आणि पुट मातीमोल झालं. संध्याकाळी तिचा फोन आला, "अठ्ठावीसच होता ना?" बबनराव हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांना सकाळचा पडदा आठवला. पडद्यावर चौतीस होता.

विमलताईंना सगळं कळल्यावर त्या म्हणाल्या, "काटा सुटला, पण कडता नाई सुटला तुमचा! आता गप राहा. तिले कोण सांगते?"

"अन् थे पुन्हा विचारंल, तं कोन्या तोंडानं सांगू?"

रविवारी प्रियंका आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. "चौतीस होता, पोरी. म्या सहा कापले. फोनवर मोठ्यानं पुकारा लागलं, अन् जुनी सवय आली."

"म्हणजे मी विकलं असतं."

"हो."

ती पिशवी घेऊन आत गेली.

सोमवारी ती स्वतःच कॉम्प्युटरपुढं बसली. बबनराव अंगणात उगीच सायकल पुसत राहिले. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले.

"मामाजी!" आतून हाक आली. "तिकडं काय करून राह्यले? या इकडं. पडद्यावर जे हाये, थेच वाचा. मी पाहतो."

बबनरावांनी चष्मा लावला. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत, हळू आवाजात त्यांनी वाचलं, "एक... पॉइंट... एक... सात."

प्रियंकानं पडद्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"बरोबर," ती म्हणाली आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.