उजवा खांदा, डावा खांदा

करणी-बिरणी, अंगात येणं... हे सगळं मी आजवर हसण्यावारी नेलं. अमरावतीत राजापेठेत दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. सिद्ध होत नाही ते माझ्या फळ्यावर चढत नाही. म्हणून हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

उन्हाळा संपता संपता अंग दुखायला लागलं. आधी नुसता थकवा, मग उजवा खांदा सोलल्यासारखा जळायचा. एका सकाळी फळ्यावर वर्तुळ काढत होते आणि पाठीत सपकन काठी बसली! वळून पाहिलं तर पोरी वहीत डोकं घालून बसलेल्या. माझा ब्लाउज थंड घामानं चिंब.

शुगर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, ईसीजी... सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "पाळी जायचं वय आहे मॅडम. कॅल्शियम घ्या, शेक घ्या, आराम करा." आराम! इथे रोज सकाळी मार बसत होता. ह्यांनी पाठ पाहिली तर लालभडक वळ उठलेले. हे घाबरूनच गेले.

माझा थोरला भाऊ चांदूर बाजारजवळ शेती करतो. यंदा उन्हाळ्यात ट्रॅक्टर घेतल्यावर त्यानं बैलजोडी विकली. जुवाच्या उजवीकडचा मोडक्या शिंगाचा लाल्या, डावीकडचा बांड्या, दोघं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून त्यांचे खांदे शेकायचं काम माझंच असायचं.

दादाकडे जाताना गाडीतच पाठीत दणका बसला. मी किंचाळले, ह्यांनी ब्रेक मारला. बाजूच्या वावरात एक बैल बसकण मारून होता आणि एक माणूस त्याला खिळा ठोकलेल्या काठीनं बडवत होता. काठी तिथे पडायची, कळ माझ्या पाठीत! मोडकं शिंग दिसलं... लाल्या!

"मारू नको त्याले!" मी धावले.

"काहून वं बाई? माहा बैल हाय. जीव घेईन त्याचा!"

आजवर एका पोरावर हात उगारला नाही मी. त्या दिवशी काठी हिसकली आणि त्या माणसाला झोडपलं. रक्त आलं तेव्हा ह्यांनी मला ओढून काढलं. पश्चात्ताप? मुळीच नाही.

दादानं त्या माणसाला पैसे मोजून लाल्याला घरी आणलं. खांद्याची कातडी गेलेली, त्यावर माशा. "पोळ्याले टाइम हाय, मंगे, पन आजच शेकू," तो म्हणाला. जखमेभोवती त्याचा हात फिरत गेला तसतसा माझा खांदा निवत गेला.

काही दिवस सुखाचे गेले. मग डावा खांदा जळायला लागला... बांड्या!

दादा सगळा बाजार पालथा घालून आला. "अकोल्याकडं नेला म्हन्ते. कोनाले देला ते दलालालेच ठावं नाई." अकोल्यापर्यंत गावोगाव विचारत फिरलो आम्ही. मागच्या सीटवर मी मार खात होते आणि रडत होते. बांड्या कुठेच सापडला नाही.

काल सकाळी मानेवर एकच घाव बसला. मी खाली कोसळले. उठले तेव्हा काहीच नव्हतं... ना कळ, ना थकवा, ना घाम. डॉक्टर खूश. "बघा, गोळ्या लागू पडल्या!"

हे का झालं, मला अजून सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा. फक्त "आता बरं वाटतंय ना?" एवढं मला विचारू नका.