तळहातावरचा थेंब

काल मेडिकलच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. उन्हाचा थकवा घालवणाऱ्या पेयाची बाटली हातात धरून, चष्मा कपाळावर सरकवून त्या मागची बारीक अक्षरं वाचत होत्या.

“साखर नाही असं लिहिलंय. मग हे गोड कशानं आहे?”

“ते वेगळं असतं, काकू,” दुकानदार म्हणाला. “चवीला कळतसुद्धा नाही.”

बाईंनी बाटली परत ठेवली. मीही तीच घ्यायला आले होते, पण माझीही राहिलीच.

घरी चालत येताना आई आठवली. मे महिन्यात मी खेळून आले की ती तांब्यात पाणी घ्यायची, त्यात साखर, चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू. ढवळून झालं की चमच्यानं एक थेंब तळहातावर घेऊन चाखायची, कारण चमचा तोंडाला लागला तर सगळं उष्टं. इकडे तहानेनं माझा जीव जायचा.

“दे ना गं.”

“थांब जरा. खारट झालं असलं तर?”

बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं. आपल्याआधी ते कुणी चाखलंय का, तेवढंच नसतं.

घरी पोचल्यावर मी लिंबू चिरलं, पाणी ढवळलं, थेंब तळहातावर घेतला. मीठ किंचित जास्त वाटलं म्हणून थोडी साखर घातली आणि पुन्हा तळहात पुढे केला. तेव्हा कुठे लक्षात आलं, घरात दुसरं कुणीच नाही. उष्टं झालं असतं तरी चाललं असतं.