इंदूताई आणि कोरा रकाना

भिंतीवरच्या तक्त्यात कोरी जागा दिसली की इंदूताईंना जेवण जात नसे. उघडलेला डबा पुन्हा बंद करून त्या त्या जागेवर बोट ठेवून उभ्या राहायच्या. सत्तरच्या दशकात आमच्या आरोग्य केंद्रात त्या पर्यवेक्षिका होत्या आणि मी नुकतीच लागलेली नर्स. गावोगावचे जन्म त्या हिरव्या कागदाच्या पट्टीने दाखवत, तान्ह्या बाळांचे मृत्यू लाल पट्टीने.

त्या वर्षी तलावाकाठच्या एका मासेमारांच्या टोलीपुढे, म्हणजे वस्तीच्या नावापुढे, लाल पट्टीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, "चांगलंच आहे. शून्य लिहा."

"शून्य कसं लिहू साहेब? शून्य म्हणजे जाऊन पाहिलं अन् कोणी गेलेलं नव्हतं. इथं पाहिलं कोणी?"

ताईंनी आधी आमचेच कागद तपासले. अहवाल वेळेवर आलेले होते, पण तो रकाना प्रत्येक वेळी रिकामा. मग गावातले जन्म-मृत्यू कळवणाऱ्या कोतवालाला गाठलं. तो म्हणाला, "कोणी सांगतच नाही, त लिहू काय?"

लाखांदूरची एसटी पकडून आम्ही निघालो, फाट्यावर उतरलो आणि बांधाबांधाने टोलीवर पोचलो. एवढ्यात कोणाचं लेकरू गेलं का, असं ताईंनी घरोघरी विचारलं. सगळ्या बायकांनी नकारार्थी मान हलवली. मला हायसं वाटलं. मी पिशवी उचलली.

ताई मात्र जाळं विणत बसलेल्या सगुणाबाईजवळ टेकल्या. "किती वेळा बाळंत झाली तू?"

"पाच खेपा."

"लेकरं किती?"

"दोन."

मी पिशवी खाली ठेवली.

"बाकीचे बारशाच्या आधीच गेले, बाई," सगुणा म्हणाली. हातातली सुई थांबली नव्हती. "दूध धरेनात. आंग लाकडावानी ताठ होये. नावच ठेवलं नव्हतं, त कोन गेलं म्हनून सांगू? कोतवाल नाव इचारते."

शेजारची बाई म्हणाली, "मायावाले लेकरं बी तसेच गेले." मग तिसरी बोलली. कोणी रडत नव्हतं.

नाळ कशाने कापता, असं ताईंनी विचारलं. सगुणेने छपरात खोचलेला इळा काढून दाखवला. गवत कापायचा तोच. कापलेल्या नाळेवर वरून शेण लावत.

परतीच्या बसमध्ये ताई म्हणाल्या, "त्या खोटं नाही बोलल्या, पोरी. आपण मेलं कोण ते विचारलं. त्यांच्या लेखी कोणी मेलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल पट्टी चिकटवली. तालुक्यात सर्वांत उंच. डॉक्टर तिच्यापुढे उभे राहिले आणि खुर्ची ओढून बसले. धनुर्वाताच्या लशीची मागणी त्यांनी तिथेच स्वतःच्या हाताने लिहिली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी आम्ही टोलीवर जाऊ लागलो. पोटुशी बायकांना सुया टोचायच्या, सुईणीला उकळलेलं पातं आणि दोरा द्यायचा. सुरुवातीला बायका आम्हाला पाहून तलावाच्या पाळीमागे, बांधाआड लपत. ताई पाळीवर बसून राहायच्या. "येतील. मले कुठं घाई आहे?"

पुढे सगुणेला पुन्हा दिवस गेले. तिने सुया घेतल्या, पण बाळासाठी एक चिंधीही जमवली नाही. मुलगी झाली. बारशाचा निरोप आला, तशी आम्ही गेलो. पाळणा नव्हता. सगुणेने मुलीला ताईंच्या मांडीवर ठेवलं आणि हलकेच म्हणाली, "अजून हाये, बाई. आता नाव काय ठेवू?"

ताई मुलीची मूठ धरून बसल्या. सगुणा वाट पाहत राहिली, आणि मग तिनेच वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं.