घामावर सोडा नं लावा

घराची ओटी डॉक्टरला दवाखान्यासाठी दिली की घरात दोन गोष्टी शिरतात. औषधांचा वास आणि लोकांच्या गमती. वास फिनेलने जातो. गमती मात्र साठत जातात, आणि साठलेलं वेळेवर बाहेर काढलं नाही तर आंबतं. म्हणून सांगते.

आमचे हे मुंबईला नोकरीला. मी वेंगुर्ल्यात, बारा वर्षांच्या नलूला घेऊन. डॉक्टर घाटावरचे. तरुण, हुशार. खोड एकच, बोलताना जागोजाग "नं". "बसा नं. जीभ दाखवा नं." पेशंटांची मालवणी त्यांना कळेना आणि त्यांचं मराठी पेशंटांना. मी फायनल पास, म्हणून दुभाषी झाले. नेमणूक कुणी केली नव्हती, पण मी राजीनामाही दिला नाही.

त्या वर्षी घामाचे पेशंट फार आले. वयात येणारी मुलं आणि त्यांना दंडाला धरून आणणाऱ्या आया. त्या आयांत मीही होते, फक्त मला बाहेरून यावं लागत नव्हतं. नलूच्या तळव्यांना पाण्याच्या धारा लागायच्या. वहीत शाई पसरायची, ते एकवेळ चाललं असतं. पण फुगडीला तिचा हात कुणी धरेना. "हिचो हात म्हणजे जितो मासो. निसाटता," असं एक मुलगी म्हणाली आणि ते शाळाभर झालं. चतुर्थी तोंडावर आलेली. नलूने मला सांगून टाकलं, "मी औंदा फुगडेक येवचंय नाय."

मी हसून "बरं" म्हटलं आणि आत जाऊन डाळीत दोनदा मीठ घातलं.

*

शेजारच्या भागीकाकीने आपल्या बाळ्याला आणलं. बाळ्या सतरा वर्षांचा, आणि त्याच्या काखेचा वास त्याच्या आधी ओटीवर पोचायचा. नेमकी मी तेव्हा चुलीपाशी. डॉक्टरांनी स्वतःच्या हिमतीवर सांगितलं, "साबणाने धुवा, कोरडं पुसा, आणि मग काखेत थोडा सोडा नं लावा."

दुसऱ्या दिवशी बाळ्या दोन्ही हात कोंबड्याच्या पंखांसारखे उचलून आला. काखा लालभडक.

आता, आमच्याकडे नारळाच्या वरच्या सालीला सोडण म्हणतात. तिने आम्ही तवे घासतो.

"तुमीच सांगितलास नाय, सोडण लावा म्हणान?" भागीकाकी म्हणाली. "मिया जीव खावन घासलंय."

डॉक्टरांनी वाकून काखा बघितल्या. "वास गेला का पण?"

"गेलो. वांगडा कातडा पण गेला."

त्या दिवसापासून डॉक्टर सगळ्यांना तुरटी सांगू लागले.

*

बंदरावरच्या हमीदाबींचा इस्माईल अंघोळ चुकवायचा आणि घामावर भरपूर अत्तर चोपडायचा. तो ओटीवर बसला की डोकेदुखीचे पेशंट वाढायचे.

डॉक्टर मला म्हणाले, "वहिनी, यांना समजावा नं. घामावर अत्तर लावलं की काय होतं ते."

मी सुरुवात करणार, तोच हमीदाबींनी हात वर केला. "माका ठाव आसा. दोन वास होतत."

*

एका पोराला त्याच्या बापाने मुंबईहून नायलॉनचा शर्ट पाठवला होता. पोरगा रोज न्हायचा, साबण लावायचा, तरी वास जाईना. आई रडकुंडीला आलेली. डॉक्टरांनी त्याला तपासायला शर्ट काढायला लावला आणि तो बाहेर, बाकामागच्या खुंटीवर टांगला.

थोड्या वेळाने बाकावरचे सगळे पेशंट दुसऱ्या टोकाला सरकले.

एक म्हातारा आत डोकावून म्हणाला, "डॉक्टरांनू, झिलाक सोडा. पेशंट खुंटयेर आसा."

*

नलूचं काय, तर डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हा आजार नाही. या वयात घाम वाढतो, काहींचे तळवे तर मोठेपणीही ओले राहतात. हात धुवायचे, पुसायचे आणि घाबरायचं नाही."

जगाला समजावून सांगणारी मी. पण मला शुद्ध मराठीत सांगितलेलं मलाच कळेना. "तरी काहीतरी द्या," म्हणून मी दारात उभी राहिले. शेवटी त्यांनी विहिरीत टाकतात त्या लाल पुडीची चिमूट दिली. फिकट गुलाबी पाणी करून त्यात हात बुडवायचे. नलूला चतुर्थीची घाई. तिने पाणी केलं जांभळं. हात झाले तपकिरी, आणि साबणाला दाद देईनात.

काजू सोलणाऱ्या बायांचे हात चिकाने असेच डागाळतात. बाजारात एका बाईने विचारलं, "वयनी, चेडवाक काजीच्या फॅक्टरीत घातलास काय?"

मी तोंड उघडायच्या आत नलूच म्हणाली, "होय गो मावशी. बोनस पण गावता."

तेव्हा मला वाटलं, पोरगी तरून जाईल. माझं मात्र सांगता येत नाही.

*

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, फुगड्या रंगल्या. नलू खांबाला टेकून उभी, हात पाठीमागे. मी टॉवेल घेऊन तिच्या मागे. भागीकाकी बाळ्याला शेजारी घेऊन पायरीवर नारळ सोलत होती. डॉक्टर ओटीवर खुर्ची टाकून बघत होते.

कुसुम म्हणजे शाळेतली सगळ्यात जोरकस फुगडीवाली. ती चुलीपुढून तशीच आली आणि नलूपुढे उभी राहिली.

"चल गो."

"माजे हात ओले आसत."

"माजे तेलाचे. नेवऱ्यो तळून इलंय. मनगटाक धर."

नलूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीमागचे तपकिरी हात पुढे आले, मनगटांना मनगटं भिडली आणि दोघी फिरू लागल्या. आधी हळू, मग जोरात, मग अशा की वेण्या आडव्या झाल्या आणि कोण कोणती ते कळेना. बायांनी ठेका वाढवला. मी टॉवेल तोंडात धरला.

डॉक्टरांनी घाटावर अशी फुगडी पाहिली नसावी. ते खुर्चीवरून उठले. "अगं, पडाल! सोडा नं! सोडा नं!"

पोरी सोडेनात.

भागीकाकी मात्र पायरीवरून तट्‌दिशी उठली. एका हातात नारळाची साल, दुसऱ्या हाताने बाळ्याचा दंड धरलेला.

"डॉक्टरांनू," ती म्हणाली, "परत?"