आत्याबाईंची अळंबी आणि माझा डबा कॅमेरा

आमच्या घराण्यातला एकच फोटो आजवर दुकानाच्या काचेत लागला, आणि त्या फोटोपायी आत्याबाई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत.

परवा तुम्ही नातवंडांनी तिकडच्या रानातल्या भूछत्रांचे आणि गोगलगायींचे फोटो पाठवलेत, त्यावरून हे आठवलं. उन्हाळा सरता सरता तुम्ही सगळे कॅमेरे घेऊन झाडीत हिंडता, हे वेड कुठून आलं असं तुमची आई विचारत होती. तिला हे वाचायला देऊ नका.

लग्न होऊन मी नागावला आले ती बी.ए.ची पदवी आणि वडिलांनी दिलेला डबा कॅमेरा घेऊन. (पदवीचा सासरी काही उपयोग झाला नाही. कॅमेऱ्याचाही झाला नसता तर बरं झालं असतं!) मी ठरवलं, इथले बारके जीव आणि भूछत्रं यांच्या फोटोंचा नीट, शिस्तशीर संग्रह करायचा. एका रिळात आठ फोटो. श्रावण संपत आला होता, सगळीकडे हिरवंगार. मी सुरुवात केली. बेडकाने उडी मारली. खेकडा बिळात शिरला. गोगलगाय तर मी बटण दाबेपर्यंत चौकटीतून निघून गेली! (हो, गोगलगाय. हसून घ्या.) सरडा तेवढा शहाण्यासारखा बसला, तर मी रीळ पुढे सरकवायला विसरले, आणि एकावर एक दोन फोटो बसले.

शेवटी एकच फोटो उरला. आता न पळणारं काहीतरी हवं होतं. अळंबी!

अळंबीची जागा ठाऊक होती फक्त आत्याबाईंना. या तुमच्या आजोबांच्या आत्या. दरवर्षी याच दिवसांत त्या अंधारात रिकामी टोपली घेऊन बाहेर पडायच्या आणि उजाडता उजाडता पदराखाली भरलेली टोपली घेऊन परतायच्या. वारुळातून वर येणारी पांढरी अळंबी, मटणाला मागे सारील अशी! जागा त्यांना त्यांच्या आईने दाखवलेली. त्यांनी ती सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. आमच्याकडे दागिने कुठे ठेवलेत ते सुनेला सांगतील, अळंबी कुठे उगवते ते नाही.

"आत्याबाई, मला एकदा न्या ना."

"कशाला? खायला घालत नाही का मी?"

"खायला नको. फोटो काढायचाय."

"अळंबीचा? तिची काय सोयरीक जुळवायचीय?"

मी हट्ट सोडला नाही. पाय चेपले, वाटण वाटलं, त्यांच्या सगळ्या उपासांना त्यांच्याबरोबर उपाशी राहिले. शेवटी त्या वैतागल्या. "चल बाई! पण कुणाला अवाक्षर बोललीस तर बघ!"

"देवाशप्पथ नाही बोलणार!"

गावाबाहेर एक पडकी विहीर होती. शेजारी आडवा होऊन पुन्हा सरळ उठलेला माड, त्याच्या बुंध्याशी वारूळ, आणि वारुळाभोवती छत्र्याच छत्र्या! पण अंधारात कॅमेरा आंधळा. ऊन येईपर्यंत मी आत्याबाईंना थांबवून धरलं. त्या दर पानाच्या सळसळीला दचकत होत्या. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, सहा फुटांच्या आत जाऊ नये. मी मनात म्हटलं, ती सूचना माणसांसाठी असणार. अळंबी थोडीच लाजतेय! आणि चिखलात पालथी पडून कॅमेरा तिच्या तोंडाशी नेला.

"अगं, सून अशी लोळते का कधी? कुणी बघितलं तर झपाटलीय म्हणून भगताला बोलावतील!"

"आत्याबाई, बाजूला व्हा, सावली पडतेय!"

त्या पुटपुटत विहिरीकडे गेल्या आणि तिथली अळंबी वेचू लागल्या. मी बटण दाबलं.

तुमच्या आजोबांनी रीळ अलिबागला धुवायला दिलं. फोटो आले. अळंबीच्या जागी पेज सांडल्यासारखा पांढरा डाग होता. मागची विहीर, वाकडा माड आणि टोपली घेऊन ओणवलेल्या आत्याबाई मात्र इतक्या स्वच्छ की लुगड्याच्या काठावरच्या रेघा मोजून घ्याव्यात! फोटोवाला खूश. त्याने तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. मी तर हवेतच! घरोघर जाऊन सांगून आले, "अलिबागला गेलात की बघा हं!"

सगळे जाऊन बघून आले. शेजारची हिराबाय बाजारातून थेट आमच्या दारात.

"वयनी, फोटू झ्याक हाय. ती पडकी विहीर ना?"

"हो!"

"आन् आत्या वाकून काय येचते?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड घट्ट मिटलं. उपयोग काय, टोपली दिसत होती!

दुसऱ्या पहाटे आत्याबाई गेल्या, तर विहिरीपाशी जत्रा! त्यांच्या वाट्याला चार तुटके देठ.

"आत्याबाई, मी अवाक्षर बोलले नाही हो!"

"बोलली असतीस तर चौघींना कळलं असतं. तू काचेत टांगलंस!"

त्यानंतर वर्षभर अबोला.

पुढच्या श्रावणात अचानक अंगणात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुझा डबा काढ! देवळामागच्या बांधावर अळंबी आलीय. उद्या पहाटे तू पुढे हो, मी आलेच!" माझे डोळे भरून आले. क्षमा झाली! (त्या एवढ्या मोठ्याने का बोलताहेत, हा प्रश्न मला पडला, पण वयामुळे असेल म्हटलं.)

पहाटे मी बांधावर पालथी. मागे कुजबुज. वळून बघते तर हिराबाय आणि तिच्यामागे अर्धं गाव, टोपल्यांसह!

"वयनी, कुठं हाय?"

"शोधतेय!"

सगळ्यांनी मिळून शोधलं. ऊन डोक्यावर आलं, चिखल कोपरापर्यंत आला, अळंबी काही येईना. घरी परतले, तर आत्याबाई ओटीवर भरलेली टोपली निवडत बसलेल्या.

"आलीस? मिळाला का फोटो?"

पुढे त्या होत्या तोवर दर श्रावणात मी गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे, गाव माझ्या मागे, आणि आत्याबाई भलतीकडेच. जेवताना मात्र अळंबीची पहिली पळी माझ्या पानात पडायची. अळंबीचा धड फोटो मला अजून काढता आलेला नाही. पण अळंबी कुठे उगवत नाही, हे माझ्याइतकं खात्रीने सांगणारं माणूस अख्ख्या किनाऱ्यावर तुम्हाला सापडायचं नाही!